शब्दचर्चा : ‘आत्महत्या केली’ लिहावं की आणखी काही?

प्रश्न
गावच्या वाचनालयाच्या अंकात गेल्या साली गेलेल्या एका शेतकऱ्यावर लिहायचं आहे. ‘आत्महत्या केली’ लिहिलं तर त्याच्या आईला लागेल. ‘जीवनयात्रा संपवली’ बातमीतलं वाटतं. कोणता शब्द बरा?

प्रतिसाद
‘आत्महत्या’ हा ब्रह्महत्या, गोहत्या यांच्या रांगेतला शब्द. त्यात गेलेला माणूसच मारेकरी ठरतो. वर ‘केली’ म्हटलं की दोष पक्का. ‘प्रायोपवेशन’ (अन्नपाणी सोडून देह ठेवणं) किंवा ‘समाधी घेतली’ म्हटलं की मात्र आपण हात जोडतो. कायदाही बरीच वर्षं असाच बोलायचा, दंड संहितेचं कलम ३०९ प्रयत्नाला गुन्हा मानायचं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम घेतलेलंच नाही. आपल्या तोंडातलं ‘केली’ तेवढं राहिलं.

आमच्या बीडकडे बायका ‘जीव दिला’, ‘जिवाचं बरंवाईट करून घेतलं’ म्हणतात. त्यात माया आहे. बातम्यांतलं ‘कर्जाला कंटाळून’ मला अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षांची नापिकी, मनाचा आजार, घरातला अबोला, सगळं एका ‘कंटाळून’मध्ये कोंबायचं?

आता सरकारी फायलीतला ‘आत्महत्याग्रस्त’. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे ‘भूकंपग्रस्त’ घरोघरी रुळला. भूकंपग्रस्ताला कुणी ‘तू काय केलंस’ विचारत नाही. ‘ग्रस्त’ लागल्यावर तसाच दोष जातो, म्हणून तो शब्द मला जवळचा वाटतो.

पण त्याच फायलीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असतं. सरकारी मदत १ लाखाची, त्यासाठी नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा बघतात. माझ्या चुलतीच्या हातात ‘अपात्र’ शिक्क्याचा कागद पडला, कारण कर्ज नात्यातल्या माणसाकडून उसनं होतं. तिनं कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “मरायला बी पात्र लागतंय व्हय?” दुसऱ्या दिवसापासून पारावर ‘कर्ज नव्हतंच, दारूच असंल’ सुरू झालं. शिक्का कचेरीतला होता, निकाल मात्र गावानं दिला. दारूचा थेंब न घेतलेला माणूस होता तो.

दुसरा प्रतिसाद
‘बळी’ का नको? दोष व्यवस्थेवर जातो.

उत्तर
जातो, आणि तो जायलाही हवा. पण भाषणांत ‘बळी’चा ‘हुतात्मा’ व्हायला वेळ लागत नाही. त्याच घरात अठरा वर्षांचा पोरगा ते ऐकत बसलेला असतो. ‘भेकड’ ऐकलं तर तो आपलं दुखणं लपवील, ‘हुतात्मा’ ऐकलं तर त्याला तीच वाट मोठी वाटेल. मला दोन्हींची भीती वाटते. मी ‘आत्महत्येने गेला’ लिहितो. आजाराने गेला, अपघाताने गेला, तसं. कानाला थोडं नवं आहे, रुळेल. आणि अंकात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्नकर्ता
आईंना वाचून दाखवलं. ‘आत्महत्येने गेला’ दोनदा वाचायला लावलं, मान हलवली. मग म्हणाल्या, “बोअरला पाणी लागलं तव्हा त्यानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले व्हते, ते लिवलं का?” लिहायचं राहिलं होतं. आज लिहितो.