हायलक्सच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कुठलं ऑइल? माझं मत: डब्ल्यूएसच, 'सगळ्यांना चालणारं' नको

निफाडकर:
शेतावरच्या हायलक्सची (२.८ डिझेल, ६-स्पीड ऑटोमॅटिक) वॉरंटी संपली आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचा विषय निघाला. गॅरेजवाले म्हणतात, "मल्टी-व्हेईकल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) टाकू, सगळ्या गाड्यांना चालतं." मला हे अजिबात पटत नाही. टोयोटाने या गिअरबॉक्ससाठी एटीएफ डब्ल्यूएस सांगितलंय, तेच पडलं पाहिजे.

ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, त्याच्याच दाबावर व्हॉल्व्ह बॉडी गिअर बदलते आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. प्लेट किती घसरू द्यायची आणि कधी घट्ट धरायची, हे त्या ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं. त्यात ही डिझेल. मॅन्युअल हायलक्सला ४२० न्यूटन मीटर टॉर्क आहे, ऑटोमॅटिकला ५००, आणि तो सगळा कमी आरपीएमलाच येतो. मागे द्राक्षाचे क्रेट भरून घाट चढताना क्लचवर काय भार येतो, ते चालवणाऱ्याला कळतं. थोड्या पैशांसाठी तिथे प्रयोग कशाला करायचा? तुमचं मत सांगा.

सांगलीचा पाना:
दादा, मी गॅरेज चालवतो, ऑटोमॅटिक गाड्या रोज उघडतो. तुमची काळजी बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा. टोयोटा काही स्वतः ऑइल गाळत बसत नाही, ते ऑइल कंपनीच बनवते. चांगल्या कंपनीच्या सिंथेटिक एटीएफचा कॅन उलटा करून बघा, मागे यादी असते: टोयोटाचं डब्ल्यूएस, जनरल मोटर्सचं डेक्सरॉन-६, फोर्डचं मर्कॉन एलव्ही. ही सगळी एकाच पातळ जातीची ऑइलं. १०० अंश सेल्सिअसला त्यांची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) साडेपाच-सहा सेंटिस्टोक्सच्या आसपास, फरक उन्नीस-बीसचा. खरा धोका वेगळाच आहे. 'ओरिजिनल' डब्यात दोन नंबरचा माल सर्रास भरला जातो. सीलबंद डबा, छापील लेबल, आत रंगवलेलं काहीतरी. मी तर नामांकित कंपनीचं मल्टी-व्हेईकल तिच्या डीलरकडून आणतो आणि निर्धास्त असतो.

एक मात्र खरं, लाल रंग बघून ऑइल ओळखू नका. तो नुसता रंग असतो.

वऱ्हाडी ४बाय४:
दोघांनाही विचारतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. एवढं पाण्यासारखं पातळ ऑइल तिथे टिकतं का? जुन्या टोयोटांत टी-फोर पडायचं, ते जाड होतं आणि गाड्याही दणकट होत्या. माझं मत, डिझेल पिकअपला जाड ऑइलच हवं. पातळ ऑइल मायलेजसाठी आणलंय, गिअरबॉक्ससाठी नाही.

निफाडकर:
@वऱ्हाडी, काका, मायलेजचं बरोबर आहे, पातळ ऑइल आणण्यामागे ते एक मोठं कारण होतंच. पण ज्या गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटा पातळ ऑइलसाठी आखल्यात, तिथे जाड ऑइल घातलं की सकाळी थंडीत गिअर उशिरा पडतो, झटका बसतो. डब्ल्यूएस आणि टी-फोर एकमेकांच्या जागी वापरू नका, हे टोयोटाच सांगते. आणि हवेचा पारा ४५ असला तरी आतलं ऑइल तसंही ८०-९० अंशांच्या घरात असतं. ते तापतं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर घसरतो तेव्हा. भरलेली गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये रेटण्यापेक्षा खालचा गिअर धरला, तर ऑइल जास्त टिकेल.

ह्यूस्टनहून:
इथे टेक्ससमध्ये डिझेल पिकअप घरोघरी, आणि हा वाद रोजचा. माझी राम ३५००, कमिन्स ६.७, मागे ट्रेलर. २०२४ च्या मॉडेलपर्यंत याच गाडीत, याच इंजिनावर दोन वेगळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यायचे. ६८आरएफईला एटीएफ+४ लागतं, आयसिन कंपनीच्या एएस६९आरसीला वेगळं ऑइल. बॉनेट उघडून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, काउंटरवर "राम डिझेलचं ऑइल द्या" म्हटलं की घोळ झालाच. म्हणून गाडीचं नाव सांगून ऑइल घेऊ नका, गिअरबॉक्सचा कोड बघा.

आता सांगलीकरांच्या मुद्द्याकडे. कॅनवरची यादी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेक्सरॉन-६ चा परवाना जनरल मोटर्स देते, बाटलीवर 'जे' ने सुरू होणारा नंबर असतो, तो तपासता येतो. डब्ल्यूएससाठी टोयोटा बाहेरच्या कंपन्यांना असा परवाना देत नाही. म्हणजे कॅनवर 'डब्ल्यूएससाठी योग्य' लिहिलंय ते त्या ऑइल कंपनीचं स्वतःचं म्हणणं. ते खोटं असेल असं नाही, पण त्याची हमी टोयोटा घेत नाही.

शिवाय व्हिस्कॉसिटी जुळली म्हणजे ऑइल जुळलं असं नसतं. लॉकअप क्लच (टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा) किंचित घसरत ठेवणारे गिअरबॉक्स घर्षणाच्या रसायनाबाबत फार हट्टी असतात. ते बिनसलं की ६०-७० च्या वेगाला, हलक्या ॲक्सिलरेटरवर, गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरते. मालक आधी चाकं बॅलन्स करून घेतो, मग इंजिन माउंटिंग बदलतो.

सांगलीचा पाना:
परवान्याचा मुद्दा मान्य. पण साहेब, कंपन्याही आपली ऑइलं बदलत असतात. डेक्सरॉन-३ चे परवाने २००६ अखेर संपवले आणि जुन्या गाड्यांनाही डेक्सरॉन-६ चालेल म्हणून जनरल मोटर्सनेच सांगितलं. फोर्डनेही मर्कॉन एसपीच्या जागी एलव्ही आणलं. मग 'पहिल्या दिवशी सांगितलं तेच' हा आग्रह किती धरायचा?

ह्यूस्टनहून:
जुन्याच्या जागी नवीन चालेल हे बनवणाऱ्याने सांगितलं तर चालेल, आपण ठरवायचं नाही. त्याच फोर्डचं मर्कॉन यूएलव्ही एलव्हीच्या गिअरबॉक्सला चालत नाही. नावात एका अक्षराचा फरक.

कोकणमेवा:
मला तर सांगितलं होतं की हे ऑइल लाइफटाइम असतं, हातच लावू नका. बदललं की गिअरबॉक्स जातो म्हणतात.

सांगलीचा पाना:
@कोकणमेवा, ताई, 'लाइफटाइम' ऐकून थांबू नका. भार ओढणाऱ्या गाडीचं ऑइल काळं पडतं, जळका वास येतो. आधीच जळून गेलेला क्लच नव्या ऑइलने सुधारत नाही, म्हणून नाव ऑइलचं होतं. चेंबरचा बोल्ट उघडला तरी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. मी मशिनने जोरात फ्लश करत नाही, काढायचं, भरायचं, थोडी चालवायची आणि पुन्हा काढायचं.

@निफाडकर, तुम्ही डब्ल्यूएस आणा, मी अडवत नाही. पण लेव्हल नीट बघणारा माणूस शोधा. याला डिपस्टिक नाही. ऑइल साधारण ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना, गाडी सपाट आणि इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लोच्या बोल्टमधून बारीक धार येते का ते बघायचं. ऑइल भलतं तापलेलं असताना बघितलं तर डब्यावर काहीही छापलेलं असो, गिअरबॉक्समध्ये ते कमीच भरलं जाणार.

निफाडकर:
हे पटलं. डब्ल्यूएस शोरूमच्या पार्ट काउंटरवरून पक्क्या बिलाने घेतो, म्हणजे दोन नंबरचा प्रश्न उरत नाही. मल्टी-व्हेईकलबाबत मात्र मत बदललेलं नाही. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल वेगळं असतं, तेही याच वेळी करायचंय. त्यासाठी सांगलीला गाडी आणली तर टेम्परेचर स्कॅनरवर बघून लेव्हल कराल का?

सांगलीचा पाना:
आणा. आदल्या दिवशी फोन करा आणि सकाळी लवकर या. प्रवासाने गाडी तापलेली असेल, निवायला वेळ द्यावा लागेल.