सहा मीटरची गल्ली नऊ मीटरची करायला सही द्यावी का?

बकुळीखाली (कोथरूड)
मंडळी, रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे, म्हणून आजच विचारते. इमारत १९८६ची, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. आई ७९ वर्षांची, राहायला तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे गणपतीनंतर ती खाली उतरलेलीच नाही. त्यामुळे पुनर्विकास मलाही हवा आहे, हे आधीच सांगते.

अडचण रस्त्याची आहे. आमची बंद गल्ली सहा मीटरची. राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला मूळ १.१ एफएसआय दिला, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या १.१ पट बांधकाम. त्या नियमावलीप्रमाणे त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) किंवा प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) चढवता येत नाही. बिल्डर म्हणतात, गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून दोन्हीकडून दीड-दीड मीटर सोडायचा अर्ज केला तरच गणित जमेल.

आमच्या दीड मीटरमध्ये कुंपणाची भिंत जाते, बोअरचा पंप जातो आणि आईने लावलेली बकुळ जाते. संध्याकाळी पोरं गल्लीतच क्रिकेट खेळतात, कारण इथे गाडी आली तरी हळूच येते. नऊ मीटर झाल्यावर हे राहील का? ज्यांच्या गल्ल्या रुंद झाल्या, त्यांनी कृपया सांगा.

जुना ओव्हरसियर
ताई, माझी नोकरी रस्त्यांच्या कामातच गेली. नऊ मीटर म्हणजे नऊ मीटर डांबर नव्हे, ही भिंतीपासून भिंतीपर्यंतची रुंदी. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस पायी चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगते. दोन्ही बाजूंना तेवढा फूटपाथ केला तरी ५.४ मीटर उरतात. वस्तीतल्या गल्लीला ते भरपूर झाले.

पुण्यात २०२०मध्ये असे ३२३ रस्ते सहाचे नऊ करायचा प्रस्ताव महापालिकेच्या स्थायी समितीपुढे आला होता, तो महापालिका कायद्याच्या कलम २१०खाली. त्यात जाहीर नोटीस निघते, हरकती मागवतात. रस्त्याची नवी हद्दरेषा ठरली तरी बहुतेक वेळा लगेच कोणाची भिंत पाडत नाहीत. ज्याची इमारत नव्याने होईल त्याने पट्टी सोडायची. घोळ होतो तो इथेच. तुम्ही सोडलीत आणि शेजारच्या बंगल्याने वीस वर्षं बांधकामच काढलं नाही, तर रस्ता रुंद होत नाही, फक्त तुमच्यासमोर एक खिसा तयार होतो. आणि त्या खिशात गाड्या लागतात.

सहकारनगरची सून
आमच्या गल्लीत एका दिवाळीत गॅलरीतल्या सामानाने पेट घेतला. बंब तोंडाशीच अडकला. गल्ली सहा मीटरचीच, पण दोन्हीकडे गाड्या. एक गाडी पावणेदोन मीटर धरा, म्हणजे दोन्हीकडचे मिळून साडेतीन गेले. उरले अडीच, आणि बंब जवळपास तेवढाच रुंद. जवान पाइप ओढत धावले, कोणाला इजा झाली नाही, पण ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. ताई, सही करा. झाड पुन्हा लावता येतं.

बाणेर ४५
आमची रुंद झाली आणि पलीकडच्या रस्त्याला जोडलीही गेली. आता सिग्नल चुकवायला सगळे इथूनच सुसाट जातात. पोरांचं खेळणं बंद. तुमची गल्ली पुढे बंदच राहणार ना, ते आधी विचारा.

बकुळीखाली (कोथरूड)
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला टेप धरायला लावून गल्ली मोजली. भिंत ते भिंत ५.९ मीटर. गाड्या लागल्यावर सगळ्यात चिंचोळ्या जागी २.३. तिथे उभी असतानाच सहकारनगरच्या ताईंचं म्हणणं पटलं. उद्या आईसाठी रुग्णवाहिका बोलवावी लागली, तर ती जिन्यापर्यंत यायला हवी.

मी सही करणार आहे, पण करारात लिहून घेऊनच. पाहुण्यांच्यासुद्धा गाड्या इमारतीच्या आत. सोडलेल्या पट्टीवर महापालिकेची परवानगी काढून बिल्डरने आधी फूटपाथ बांधायचा, म्हणजे काकांनी सांगितलेला खिसा होणार नाही. गल्ली बंद राहण्याचं आमच्या हातात नाही, पण हरकतींच्या वेळी ते लेखी मांडू. बकुळही नव्या कुंपणाच्या आत हलवायची. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी बिल्डरच काढतील.

एवढी जुनी बकुळ हलवल्यावर जगते का? कोणी हलवली आहे का? खोड माझ्या दोन्ही हातांच्या पकडीत मावत नाही.