केशवरावांची ओळख फक्त 'संयुक्त मानापमान' का?

संगीत रंगभूमीवरचे गायक नट केशवराव भोसले यांचा उल्लेख होतो, पण बहुतेकदा 8 जुलै 1921 च्या संयुक्त 'मानापमान'पुरताच, म्हणजे त्यांच्या आणि बालगंधर्वांच्या नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या त्या संगीत नाटकाच्या प्रयोगापुरताच. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात ते नायक धैर्यधर होते आणि बालगंधर्व नायिका भामिनी. प्रयोग मोठाच, पण केशवरावांची कारकीर्द त्या रात्रीच्या कितीतरी आधी घडली होती.

घरच्या गरिबीमुळे ते लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळी या नाटक कंपनीत आले. 'संगीत शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने कोल्हापूरचा हा मुलगा गाजला. पुढे 1908 मध्ये हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक कंपनी काढली, तेव्हा वय जेमतेम सतरा! त्या वयात स्वतः मुख्य भूमिका करायच्या, गायचं आणि बिऱ्हाडासकट सगळी कंपनी गावोगाव न्यायची, म्हणजे काय ओझं असेल? शिवाय स्त्रीभूमिकांत नाव झालेलं असताना ते पुरुषभूमिकांकडे वळले. गायक नटासाठी हा फार मोठा धोका. प्रेक्षकाच्या कानात एक आवाज बसलेला असतो, तो मोडून त्याच रंगमंचावर धैर्यधर म्हणून उभं राहायचं. मला त्यांचं खरं धाडस इथे दिसतं.

मामा वरेरकरांची हुंड्यावर बोट ठेवणारी 'हाच मुलाचा बाप'सारखी सामाजिक नाटकंही त्यांनी रंगमंचावर आणली, हे तर जवळजवळ विसरलंच गेलंय.

संयुक्त प्रयोगानंतर तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबरला ते गेले. वय अवघं 31. कंपनी मात्र बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. बापूरावांवरही इथे कुणीतरी सविस्तर लिहा, प्लीज.