सांगली-मिरजेत मेंटर मिळेल का? मदत हवी आहे, जरा अर्जंट

वैतागलेला_डिप्लोमावाला
नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदा. मला एक चांगला मेंटर पाहिजे, सांगली मिरज कुपवाड साईडचा असेल तर बरं, अधूनमधून समोरासमोर भेटता येईल असा. नोकरीला लागून बरीच वर्षं झाली पण जिथं होतो तिथंच आहे, साहेबांना काही विचारायला गेलं की "आधी आजचा माल काढ" एवढंच ऐकायला मिळतं, आणि आता ऑडिट तोंडावर आलंय. ऑनलाईन एका करिअर कोचशी बोललो, त्यानं आधी माझं पॅकेज विचारलं आणि मग पस्तीस हजार फी सांगितली, मला काय येतं काय येत नाही हे विचारलंच नाही. कोणाच्या ओळखीत असेल तर सांगा. "गूगल कर" म्हणू नका, करून झालंय.

कृष्णाकाठ
ऑडिट म्हणजे सीए करायलायस का भावा? आर्टिकलशिपचं असेल तर विश्रामबागला एक ओळखीचे आहेत, शब्द टाकतो.

लक्ष्य_राज्यसेवा
मेंटरच्या नादाला लागू नका. मागच्या प्रश्नपत्रिका सोडवा, रोज उत्तरं लिहा. पुण्याला जाऊन खोलीभाडं भरण्यापेक्षा सांगलीतच अभ्यासिका लावलेली बरी.

वैतागलेला_डिप्लोमावाला
अहो सीए नाही आणि राज्यसेवा पण नाही. मी क्वालिटीत आहे.

कृष्णाकाठ
क्वालिटी कशाची? हळद, बेदाणा, साखर, दूध? आपल्याकडं सगळंच आहे.

वैतागलेला_डिप्लोमावाला
मशीन शॉप हो. कुपवाड एमआयडीसी. सीएनसी, व्हीएमसी, गाड्यांचे पार्ट. कुपवाड म्हटल्यावर कळेल वाटलं.

उद्योगी_माणूस
नोकरीत मेंटर शोधण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी काढा. उद्यम रजिस्ट्रेशन 2020 पासून ऑनलाईन आहे, पूर्ण फुकट, आधार आणि पॅन लागतं, एजंटला एक रुपया देऊ नका. एक जुना लेथ घेऊन सुरुवात करा, जॉबवर्क मिळतंच.

वैतागलेला_डिप्लोमावाला
साहेब, धंदा काढायचा नाहीये.

उद्योगी_माणूस
मराठी माणूस इथंच मागं राहतो. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा केला तेव्हा त्यांना कुठला मेंटर होता?

सातारी_झटका
होता की राव! जागा दिली औंधच्या संस्थानानं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले म्हणून बेळगावातनं उठून इथं येता आलं. आणि लक्ष्मणराव त्याआधी मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, ते काय एकटेच माळावर जाऊन शिकले नव्हते. औंध सातारा जिल्ह्यात आहे हे पण लक्षात असू द्या.

कृष्णाकाठ
आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. विषय संपला.

मापात_पाप
विषय अजून सुरूच झालेला नाही. डिप्लोमावाले, मेंटर पाहिजे हे कळलं, अडलंय कुठं ते कळलं नाही. ऑडिट कोणाचं, आणि मागच्या वेळी एनसी (ऑडिटरनं लिहून दिलेली त्रुटी) काय निघाली होती ते लिहा. मी गेज (मापं घ्यायची साधनं) आणि कॅलिब्रेशनच्या (ती बरोबर दाखवतात का ते तपासायच्या) लाईनमध्ये आयुष्य घातलंय, आता रिटायर आहे, मिरजेत असतो. पण मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळेल.

वैतागलेला_डिप्लोमावाला
कस्टमरचं ऑडिट आहे काका, पुढच्या महिन्यात. मागच्या वेळी दोन एनसी होत्या. एक एमएसएमध्ये, म्हणजे मोजमापाच्या पद्धतीच्या तपासणीत, बोअर गेजचा (भोकाचा व्यास मोजायचं साधन) जीआरआर, म्हणजे मोजण्यातच येणारा फरक, 34 टक्के आला. दुसरी एट-डी रिपोर्टला (डिफेक्टचं कारण आणि उपाय लिहायचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट), ऑडिटर म्हणाले रूट कॉज पटत नाही. आम्ही "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" लिहिलं होतं आणि ॲक्शनमध्ये "ऑपरेटरला समज दिली".

सातारी_झटका
😂 आमच्याकडं पण हेच. ऑपरेटरला समज दिली, सही घेतली, फाईल बंद. पुढच्या लॉटला तोच डिफेक्ट, तोच ऑपरेटर, तीच समज.

पुणेरी_एसक्यूए
मी मूळची मिरजेची, आता चाकणला सप्लायर क्वालिटी बघते, म्हणजे तुमच्यासारख्यांकडं ऑडिटला येणारी पार्टी मीच. तुमचा सगळ्यात जवळचा मेंटर म्हणजे कस्टमरचा एसक्यूए, म्हणजे सप्लायर क्वालिटीचा, इंजिनिअर. ऑडिटच्या आधी फोन करा, मागच्या एनसीवर आम्ही अमुक केलंय, इथपर्यंत आलोय, पुढं अडलोय, बघून सांगाल का असं सरळ विचारा. दहात दोन जण झिडकारतील, बाकीचे सांगतात. आम्हालाही सप्लायर सुधारलेला हवा असतो, लाईन थांबली की शिव्या आम्हीच खातो.

जुना_प्लांटहेड
मॅडम, हा सल्ला भयंकर आहे. कस्टमरला आपलं दुखणं कोणी दाखवतं का? उद्या तोच मुद्दा रिपोर्टमध्ये येतो. माझ्या माणसानं असा फोन केला असता तर मी त्याला स्टोअरला टाकला असता.

पुणेरी_एसक्यूए
सर, एनसी आधीच रिपोर्टमध्ये आहे, लपवायचं काय राहिलंय त्यात? आणि तुमच्यासारखे साहेब आहेत म्हणूनच हा मुलगा इथं येऊन विचारतोय. डिप्लोमावाले, साहेबांना सांगूनच फोन करा, तेवढं पथ्य पाळा. जाता जाता, एफएमईएमध्ये (काय बिघडू शकतं त्याचा आधीच केलेला अभ्यास) अजून "आरपीएन 100 च्या वर गेला तरच ॲक्शन" असं लिहिता का? 2019 च्या एफएमईए हँडबुकात आरपीएन (धोक्याचा आकडा) जाऊन ॲक्शन प्रायॉरिटी (कशावर आधी काम करायचं त्याची पातळी) आलीय, तुमच्या कस्टमरला कुठलं लागतं ते आधी बघा.

मापात_पाप
एफएमईए नंतर. आधी जीआरआर. 10 टक्क्यांच्या आत चांगला, 10 ते 30 म्हणजे कामावर आणि खर्चावर अवलंबून, 30 च्या वर नापास, हे तुम्हाला माहीत असणारच. मला सांगा, (१) साईज आणि टॉलरन्स काय, (२) दहा जॉब (मोजायचे पार्ट) कुठून उचलले, (३) 34 मध्ये जास्त वाटा ईव्हीचा (गेजमुळं येणारा फरक) की एव्हीचा (माणसागणिक येणारा फरक), (४) गेज सेट कुठं करता, मोजता कुठं.

वैतागलेला_डिप्लोमावाला
40 एच7, म्हणजे 40 एमएमचा बोअर. जॉब त्या दिवशीच्या बिनमधले, एकापाठोपाठ एक. ईव्ही एव्ही बघावं लागेल, एक्सेल शीट जुनी आहे, आम्ही फक्त खालचा टक्का बघतो. गेज जिच्यावर सेट करतो ती सेटिंग रिंग स्टँडर्ड रूममध्ये, एसी आहे तिथं. मोजतो मशीनपाशी.

मापात_पाप
बघा, आता बोलता येतं. 40 एच7 म्हणजे सगळी मिळून 25 मायक्रॉनची खिडकी. स्टील मीटरमागे एका डिग्रीला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. रिंग एसीत आणि जॉब मशीनवरून नुकता उतरलेला, दोघांत 10 डिग्रीचा फरक धरला तरी 40 एमएमला साडेचार मायक्रॉन गेले, टॉलरन्सचा जवळजवळ पाचवा हिस्सा. जॉब सगळे सारखेच गरम असतील तर हे जीआरआरमध्ये दिसणारसुद्धा नाही, पण माप चुकलेलंच असेल. ऑडिटर हुशार असेल तर तिथंच बोट ठेवेल.

दुसरं, एकाच बिनमधले सलग दहा जॉब घेतले की ते सगळे एकमेकांसारखेच असतात. तुमची शीट टोटल व्हेरिएशनवर टक्का काढत असेल तर जॉबमधला फरकच कमी, म्हणून टक्का फुगतो आणि एनडीसी (जॉबचे किती गट वेगळे ओळखता येतात तो आकडा) पाचाच्या खाली येतो. वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या शिफ्टचे घ्या.

तिसरं, तिघं जण गेज कसं धरतात ते नुसतं उभं राहून बघा. बोअरमध्ये गेज पुढंमागं झुलवून सगळ्यात लहान रीडिंग पकडायचं असतं. एक जण नीट झुलवतो, एक जण घालतो आणि पहिलं दिसेल ते लिहितो. एव्ही मोठा निघाला तर कारण बहुतेक हेच असेल.

जुना_प्लांटहेड
हे बरोबर आहे. आमच्याकडं एक इन्स्पेक्टर होते, जॉब हातात घेऊन गरम आहे का बघायचे मगच गेज घालायचे, नाहीतर परत ठेवायचे. डिप्लोमावाले, तुमच्या प्लांटमध्ये असा कोणी जुना माणूस नाही का?

वैतागलेला_डिप्लोमावाला
आहेत, फायनल इन्स्पेक्शनला. पण ते दहावी पास आहेत आणि फार बोलत नाहीत.

जुना_प्लांटहेड
दहावी पासचं काय घेऊन बसलात. शिफ्ट सुटताना चहाला थांबवा आणि "काका तुम्ही माझे मेंटर व्हा" असलं काही बोलू नका, घाबरतील बिचारे. एक रिजेक्ट जॉब हातात द्या आणि हे कशानं झालं असेल तेवढं विचारा.

सातारी_झटका
पेठ नाका ते सांगली रस्ता आता कसा आहे कोणी सांगेल का? गावाकडनं यायचंय.

कृष्णाकाठ
विचारू नका. गेज नाही, कंबर कॅलिब्रेट करून या.

पुणेरी_एसक्यूए
काकांना डेटा पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा, कस्टमरचं ड्रॉईंग बाहेर दाखवायचं नाही, पार्ट नंबर आणि कस्टमरचं नाव काढून फक्त रीडिंग पाठवा. बहुतेक कस्टमर गोपनीयतेच्या करारावर सही घेतात, मेंटर कितीही सज्जन असला तरी.

वैतागलेला_डिप्लोमावाला
काल बघितलं. एव्हीच मोठा आहे काका, ईव्हीच्या दुपटीहून जास्त. आणि सेकंड शिफ्टचा मुलगा गेज झुलवतच नाही, त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. एट-डीमधला बोअर अंडरसाईजचा डिफेक्ट पण त्याच शिफ्टचा आहे, आणि समज दिली होती त्या ऑपरेटरला, जो त्याच मुलाच्या रीडिंगवर ऑफसेट मारत होता, म्हणजे मशीनची सेटिंग बदलत होता. साहेबांना दाखवलं तर पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले फेरस्टडी लाव.

मापात_पाप
मग त्या ऑपरेटरची समज मागे घ्या आधी, लेखी. फेरस्टडीला जॉब आणि रिंग रात्रभर एकाच खोलीत ठेवा. रीडिंग घेताना तिघांनी एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत, जॉबवरचे नंबर पण झाकून द्या. झालं की रीडिंग घेऊन रविवारी सकाळी मिरजेला या, कागदावर हातानं सोडवू, एक्सेल घरी ठेवा. फी नाही, पण पुढच्या वेळी येताना आधीच्या वेळचं काय केलं ते लिहून आणायचं. लिहून आणलं नाही तर चहा पाजून परत पाठवीन.

वैतागलेला_डिप्लोमावाला
येतो काका. कॅल्क्युलेटर आणू का?

मापात_पाप
आणा. आणि बोअर गेज पण आणा, गेटपास करून.

सातारी_झटका
मी पण येऊ का? माझा प्रश्न सीएमएमच्या (मोजमापाच्या मशीनच्या) डेटमचा, म्हणजे माप कुठून धरायचं त्याचा आहे, ड्रॉईंग दाखवणार नाही. फक्त रस्त्याचं कोणी सांगितलं तर निघायची वेळ ठरवतो.