यजमान सैन्यात, मी गरोदर, सातवा महिना संपत आला, कार्ड आणि पर्सनल लोनचं काय करावं?

वर्धारोडवाली:
यजमान सैन्यात नायक आहेत, पोस्टिंग फील्डला. मी नागपुरातच, सीताबर्डीच्या एका खासगी ऑफिसात. 25 जणांचा स्टाफ, नोकरीला दोन वर्षं झाली. यजमानांच्या क्रेडिट कार्डावर 1,20,000 थकले आहेत, दर महिन्याला मिनिममच भरून राहिलो. पर्सनल लोनचा हप्ता 11,400. एक जण सेटलमेंट, म्हणजे कमी पैशांत मिटवून देतो म्हणतो, पण त्याआधी 15,000 मागतो. आधी काय फेडायचं? वसुलीवाले यजमानांचा पगार अडवू शकतात का?

हिशेबनीस:
ताई, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. सेटलमेंटचं बोलणं बँकेशी थेट करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पण ते शेवटचं औषध. सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या इतिहासात, ‘सेटल्ड’ अशी नोंद पडते आणि पुढे घराचं कर्ज मागताना तीच आडवी येते.

आधी कार्ड. महिना साडेतीन टक्के धरले तर 1,20,000 वर व्याज 4,200, त्यावर 18 टक्के जीएसटी 756. मिनिमम 5 टक्के म्हणजे 6,000. म्हणजे सहा हजार भरून मुद्दल कमी होते फक्त 1,044. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड आजच बंद ठेवा, त्यावर लावलेले रिचार्जचे ऑटो-डेबिटही काढा.

यजमानांच्या एएफपीपी फंडातून, म्हणजे सैन्यातल्या पीएफमधून, अ‍ॅडव्हान्स मागता येतो. बाळंतपणाचा खर्च हे कारण त्यात बसतं. पैसा स्वतःचाच, त्यामुळे भुर्दंड म्हणजे तेवढ्या रकमेवरचं फंडाचं व्याज बुडतं. बाळंतपण त्यातून निभावलं की त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम सरळ कार्डात टाका. अर्ज युनिटमधून पे अकाउंट्स ऑफिसला जातो. फील्डवरून कागद हलायला वेळ लागतो, म्हणून आजच फोन करून सांगा. फंड पुरला नाही तर बँकेत सोनं तारण ठेवा, पण दर महिन्याला व्याज भरायच्या बोलीवर. वर्षाअखेर एकदम भरायचं कर्ज बाळाच्या पहिल्या वर्षात फार जड जातं.

कलम२८:
पगाराबद्दल. आर्मी अ‍ॅक्ट 1950 च्या कलम 28 प्रमाणे दिवाणी कोर्टाला जवानाचा पगार-भत्ते जप्त करता येत नाहीत, आणि कलम 29 प्रमाणे कर्जापायी अटक होत नाही. पण इथंच लोक फसतात. यजमानांनी स्वतः सही करून दिलेला ऑटो-डेबिट या कलमांनी थांबत नाही. पगार जमा झाला की हप्ता कापला जातोच. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झाला तर फौजदारी तक्रार होऊ शकते. आणि तुम्ही जामीनदार असाल तर तुमच्या पगाराला हे संरक्षण नाही.

हप्ता चुकणार असं दिसलं की चुकण्याआधीच मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं, मग बँकेचा सूर बदलतो. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर आला तर वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, फी नाही.

कामठी_कॅन्टोन्मेंट:
खासगी दवाखान्याचं पॅकेज आत्ता घेऊ नका. कामठीच्या एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, नाव घाला. त्यासाठी लग्नाची पार्ट टू ऑर्डर (युनिटच्या दप्तरातली नोंद) आणि तुमचं डिपेंडंट कार्ड लागतं. ऑर्डर झालेली नसेल तर ऐनवेळी तिथेच अडतं. हाताशी नागपुरातलं सरकारी डागा रुग्णालय आहेच.

ऑफिसकडून 26 आठवड्यांची पगारी रजा हा तुमचा हक्क आहे, मागच्या वर्षभरात 80 दिवस काम भरलेलं असलं की झालं. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळतात, उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून 48 तासांत. पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल तर हे पैसे ऑफिस नाही, ईएसआयसी देते. मग अर्ज तिकडे. सरकारच्या मातृवंदना योजनेचे 5,000 मात्र हिशेबात धरू नका, पगारी रजा घेणाऱ्यांना ते मिळत नाहीत.

वर्धारोडवाली:
ऑटो-डेबिटचं माहीतच नव्हतं. पार्ट टू ऑर्डर झाली आहे, डिपेंडंट कार्ड बनायचं आहे. यजमानांना आज रात्रीच सांगते.

कामठी_कॅन्टोन्मेंट:
कार्डासाठी जोडीचा फोटो आणि आधारची झेरॉक्स तयार ठेवा. बाळ झाल्यावर जन्मदाखला लगेच युनिटला पाठवा, बाळाचीही पार्ट टू ऑर्डर निघावी लागते.