पीएस फाइव्ह घ्यायचाय : डिस्कमध्ये किती जीबी मावतात याने काही फरक पडतो का?

वारजे_अकाउंट्स

नमस्कार मंडळी. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मुलगा नववीत आहे. प्लेस्टेशन हवा म्हणून गणपतीपासून मागे लागलाय. वार्षिक परीक्षा झाली की घेऊ, असं कबूल करून बसलेय. दुकानात दोन प्रकार दाखवले, एक डिस्कवाला आणि एक बिनडिस्कचा. डिस्कवाला काही हजारांनी महाग. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डिस्कवालाच न्या, याच्या एका डिस्कमध्ये शंभर जीबी मावतात." घरी आल्यावर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, शंभर मावोत नाहीतर हजार, हल्ली सगळं नेटवरूनच उतरतं. डिस्क म्हणजे नुसती चावी." दोघंही इतक्या ठामपणे बोलले की मी गप्प बसले.

आमच्याकडे ४० एमबीपीएसचं नेट आहे. त्यावरच सासूबाईंच्या मालिका आणि नवऱ्याच्या मीटिंगा चालतात. तर डिस्कमध्ये किती मावतं याने खेळण्यात खरंच काही फरक पडतो का? की पैसे काढायचे धंदे आहेत?

---

फेज_थ्री_फायबर

ताई, तुमचे दीर बरोबर आहेत. डिजिटल, म्हणजे बिनडिस्कचा घ्या आणि मोकळ्या व्हा. २०२२ मधल्या कॉल ऑफ ड्यूटीच्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी डेटा होता, बाकी सगळा गेम डाउनलोड करायचा. ७० एमबी! त्याहून मोठ्या पीडीएफ मला ऑफिसात मेलवर येतात. पीएस फाइव्ह प्रोमध्ये तर कंपनीने ड्राइव्ह दिलेलाच नाही. डिस्कचा जमाना गेला. विषय संपला.

---

तपकीर_गल्ली_जुना

फेज थ्री, विषय एवढ्यात संपत नसतो राव. एका गेमवरून सगळ्या डिस्कांची तिरडी बांधू नका.

ताई, पीएस वनपासून पीएस थ्रीपर्यंतची कन्सोलं उघडण्यात माझी बरीच वर्षं बुधवार पेठेत गेली, म्हणून जरा लांबण लावतो. घाई असेल तर एकदम खालचे दोन परिच्छेद वाचा.

किती मावतं याने एके काळी फरक पडायचा, आणि तो साधासुधा नव्हता. त्यापायी कंपन्यांनी पक्ष बदलले. १९९६ मध्ये निन्टेन्डोने एन ६४ हा कन्सोल काढला तो कार्ट्रिजवर, म्हणजे वरून खोचायच्या चिपच्या डबीवर. सर्वांत मोठं कार्ट्रिज ६४ एमबीचं, आणि सुरुवातीचा मारिओ तर ८ एमबीत बसवलेला. समोर सोनीच्या पीएस वनची सीडी, साधारण ६५० एमबीची. फायनल फॅन्टसी बनवणारी स्क्वेअर कंपनी तोवर निन्टेन्डोच्या घरची होती. ती उठून सोनीकडे गेली आणि १९९७ चा सातवा भाग तीन सीड्यांवर आला. ते कार्ट्रिजवर बसवायचं म्हणजे अख्खं बिऱ्हाड एका ट्रंकेत कोंबण्यातला प्रकार झाला असता. अर्थात कार्ट्रिज लावलं की गेम लगेच सुरू व्हायचा आणि पीएस वनवर 'लोडिंग' बघत चहा व्हायचा, हेही तितकंच खरं. मावतं किती आणि वाचून किती वेगाने होतं, हे भांडण तेव्हापासूनचं आहे. दुकानदार त्यातला एकच भाग सांगतो.

पुढे पीएस टू आला. इथे डीव्हीडी, एका थराची ४.७ जीबी आणि दोन थरांची ८.५. आपल्याकडे तेव्हा ओरिजिनल डिस्क घेणारा माणूस दाखवायला आणावा लागायचा, घरोघरी कॉपी चालावी म्हणून चिप मारलेला पीएस टू. कोऱ्या डीव्हीडी मिळायच्या त्या ४.७ वाल्या. मग दोन थरांचा गेम त्यात बसवायला कॉपी करणारे मधल्या चित्रफिती उडवायचे, परदेशी भाषांचे आवाज उडवायचे. बऱ्याच गेममध्ये 'डमी फाइल' नावाची नुसती भरताड असायची, तिचा बळी आधी. ती भरताड उगीच नसायची बरं का. डिस्क एका गतीने फिरत असली तर बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त डेटा लेन्सखालून जातो. म्हणून आतल्या भागात कचरा भरून कामाचा माल कडेकडे ढकलायचे, म्हणजे लोडिंग कमी. जागा रिकामी आहे तर तिचा उपयोग वेगासाठी करून घेतला, अशी ती अक्कल.

दोन थरांवरून आठवलं. काउंटरवर हमखास येणारी तक्रार म्हणजे, "दादा, बाकीचे गेम चालतात, हा एकच नवा चालत नाही, डिस्क खराब दिसतेय." डिस्क आरशासारखी स्वच्छ असायची. दोन थरांच्या डीव्हीडीत वरचा थर अर्धवट पारदर्शक असतो आणि लेझरला त्यातून आरपार बघून खालचा थर वाचावा लागतो. परत येणारा उजेड मुळातच क्षीण. त्यात लेन्सवर धूळ, उदबत्तीचा धूर, कुणाच्या घरी फोडणीचा थर! एका थराची डिस्क ती कशीबशी वाचायची, दुसऱ्या थरावर धापा टाकायची. मी आधी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन लेन्स पुसायचो. तेवढ्यावर भागलं नाही तर लेझरच्या पट्टीवर असलेला बारकासा प्रीसेट, म्हणजे लेझरचा जोर कमी-जास्त करायचा स्क्रू, केसभर फिरवायचा. जास्त फिरला की लेझर गेलाच समजा, आणि गिऱ्हाईक समोर उभं. हे फक्त आपल्याच धुळीचं दुखणं नव्हतं. निन्टेन्डोच्या विई कन्सोलवर २००८ साली स्मॅश ब्रॉस ब्रॉल हा गेम दोन थरांच्या डिस्कवर आला, तेव्हा लेन्स मळलेली कन्सोलं ती डिस्क वाचेनात आणि निन्टेन्डोला ती साफ करून द्यावी लागली.

पुढचं भांडण मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आणि सोनीचा पीएस थ्री यांचं, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. ३६० मध्ये डीव्हीडी, आणि तिच्या ८.५ जीबीतले सुरुवातीला गेमला मिळायचे साधारण ६.८. पीएस थ्रीत ब्लू-रे, दोन थर मिळून ५० जीबी. कागदावर सामना एकतर्फी. फायनल फॅन्टसीचा तेरावा भाग पीएस थ्रीवर एका डिस्कवर आला. ३६० वर तीन डीव्हीड्या लागल्या आणि चित्रफिती जास्त दाबून बसवाव्या लागल्या. लॉस्ट ओडिसीला तर चार. मध्येच उठा, डिस्क बदला, परत बसा. पण पीएस थ्रीचा ड्राइव्ह सेकंदाला ९ एमबीच वाचायचा आणि ३६० चा डीव्हीडी ड्राइव्ह कडेला १६ च्या आसपास जायचा. म्हणजे कोठार मोठं, दार अरुंद. म्हणून पीएस थ्रीवर गेम सुरू करायच्या आधी हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करण्याची भानगड आली. मेटल गिअर सॉलिड ४ ने ५० जीबीची डिस्क भरून काढली आणि तरी प्रत्येक अंकाआधी 'इन्स्टॉल होत आहे' बघत बसावं लागायचं.

पीएस फोरपासून तर सगळेच गेम आधी आत उतरवून घ्यावे लागतात. डिस्क लावून ठेवायची ती फक्त 'गेम माझा आहे' हे पटवायला. तुमच्या दिरांची चावी ती हीच. तेव्हा खेळताना दिसणारी चित्रं, वेग, लोडिंग, या सगळ्याचा आणि डिस्कमध्ये किती मावतं याचा आता काडीचा संबंध नाही. ते सगळं आतल्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान साठवणीवर. पीएस फाइव्हची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते, डिस्क तिच्या पासंगालाही पुरत नाही. आणखी एक गंमत सांगतो. पीएस फाइव्ह यायच्या आधी २०२० मध्ये त्याचे रचनाकार मार्क सर्नी यांनी भाषणात सांगितलं होतं की, हार्ड डिस्कवरच्या गेममध्ये काही तुकडे चारचारशे वेळा लिहिलेले असायचे, कारण हार्ड डिस्कचा वाचणारा काटा सारखा इकडून तिकडे पळवायला नको. रस्त्यावरची तीच ती टपालपेटी चारशे ठिकाणी! एसएसडीवर त्याची गरज नाही. त्यामुळे जीबीचा आकडा मोठा म्हणजे गेम मोठा, असंही काही नसतं.

मग शंभर जीबीचा उपयोग काय? एकच, पण तुमच्यासारख्या घरात मोठा. जे डिस्कवर मावलं ते नेटवरून ओढावं लागत नाही. ४० एमबीपीएसवर शंभर जीबी उतरायला सगळी लाइन त्यालाच दिली तरी साडेपाच तास. ती लाइन सासूबाई आणि साहेबांबरोबर वाटून घ्यायची, तर रात्र गेली. कुणी मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर भागवत असेल तर पन्नास दिवस! डिस्कवरून तेच काम निवांत होतं, वर येणारे अपडेट तेवढे उतरवायचे.

म्हणजे विचारायचं ते असं की, 'मला हव्या त्या गेमच्या डिस्कवर गेम आहे का?' डिस्क शंभर जीबीची असून आत ७० एमबी असतील तर तिचा उपयोग चहाचा कप ठेवायला.

---

शनिवारात_भाड्याने

काकांनी सगळं सांगितलं, फक्त पैशाचं राहिलं. ताई, मी हॉस्टेलवाला माणूस. गेम घेतो, संपवतो, विकतो, आलेल्या पैशात दुसरा घेतो. कधी मित्राबरोबर अदलाबदल. डिजिटल गेम संपला की तो तुमच्या खात्यात लोणच्यासारखा मुरत पडतो, कुणाला देता येत नाही. नववीतला मुलगा म्हणजे वर्गात चारजणांकडे तरी पीएस असणार. डिस्का फिरतील बघा.

एकच सांगणं. सेकंडहँड घेताना केस उघडून बघा. पीएस फोरवर रेड डेड रिडेम्प्शन २ दोन डिस्कांवर आला होता, एक डेटाची आणि एक खेळायची. पीएस फाइव्हवर फायनल फॅन्टसी सेव्हन रीबर्थही दोन. मला ऑनलाइन भेटलेल्या एकाने रेड डेड विकला, केसमध्ये एकच डिस्क. फोन केला तर म्हणे, "दुसरी कशाला लागते?" त्यानंतर त्याने फोनच उचलला नाही. पैसे मोजण्याआधी डिस्का मोजायच्या.

---

फेज_थ्री_फायबर

ठीक आहे, विकायचा मुद्दा मान्य. पण सोसायटीत फायबर आलं की हे सगळं बाद. माझ्याकडे ३०० चं आहे, शंभर जीबी पाऊण तासात. शिवाय डिजिटलवर सेल लागतात ते बघा. आणि घरभर डिस्का कोण सांभाळणार?

---

तपकीर_गल्ली_जुना

तुमचं फायबर तुम्हाला लखलाभ. ताईंचं ४० आहे, आपण त्यांच्या घरापुरतं बोलतोय. सेलचं म्हणाल तर बरोबर आहे, जुने गेम डिजिटलवर स्वस्तात मिळतात. डिस्कवाला कन्सोल घेतला म्हणून ते दुकान बंद होत नाही. दोन्ही दारं उघडी राहतात, बिनडिस्कवाल्याला एकच.

---

वारजे_अकाउंट्स

बापरे, केवढं लिहिलंत! शेवटचे दोन परिच्छेद आधी वाचले आणि मग राहवेना म्हणून वरपासून सगळं वाचलं. फोडणीच्या थराचं नवऱ्याला वाचून दाखवलं.

मुलाला विचारलं. त्याला स्पायडरमॅन टू हवाय आणि फुटबॉलचा तो दरवर्षी येणारा. यांचं कसं? आणि एक शंका. आत्ता बिनडिस्कचा घेतला आणि पुढे वाटलं तर डिस्कचं यंत्र जोडता येतं, असं दुकानदार ओझरतं बोलला. खरं का?

---

तपकीर_गल्ली_जुना

स्पायडरमॅन टू एकाच डिस्कवर येतो आणि गेम त्या डिस्कवर असतो. जागा मात्र भरपूर खातो, नव्वदच्या पुढेच. पहिल्या पीएस फाइव्हच्या ८२५ जीबीतले वापरायला साधारण ६६७ मिळायचे, यावरून हिशेब करा. असे पाच-सहा दांडगे गेम झाले की एक काढून दुसरा घालणं आलं. इथे डिस्कवाल्याला परत फायदा : काढलेला गेम पुन्हा घालायला नेट अडवायला नको.

फुटबॉलचा डिस्कवर घ्यायचा तर पुढचा यायच्या आत विका, नंतर त्याला रद्दीचा भाव. पोराला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कपाटात पाच वर्षांचे पाच पडतील.

यंत्राचं खरं आहे. २०२३ पासूनच्या बारीक पीएस फाइव्हला ड्राइव्ह नंतर जोडता येतो आणि जोडल्यावर एकदा नेटवरून त्याची नोंद करावी लागते. पण सुटा ड्राइव्ह आपल्याकडच्या दुकानात हवा तेव्हा मिळेलच याची खात्री मी देणार नाही, आणि सुटं घेऊन किंमत कुठे जाते ते आधी विचारा. तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात, बेरीज माझ्यापेक्षा चांगली कराल. माझं मत विचाराल तर डिस्कवालाच न्या. दुकानदाराचं कारण चुकीचं आहे, सल्ला बरोबर आहे.

गेम घेताना केसवरचा बारीक मजकूर वाचा. 'डाउनलोड आवश्यक' अशा अर्थाचं काही दिसलं तर समजायचं, पूर्ण माल आत नाही.

---

वारजे_अकाउंट्स

छान. केसवरचं बारीक वाचायचं काम माझ्या सवयीचंच आहे. शनिवारी दिरांना घेऊन जाते, त्यांनाही हा धागा पाठवलाय. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. अपडेट अर्धं उतरलेलं असताना गेली तर पहिल्यापासून का?

---

शनिवारात_भाड्याने

नाही ताई, साधारण जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. फक्त डिस्कवरून इन्स्टॉल चालू असताना गुरुवार टाळा. आणि रात्री पूर्ण बंद न करता रेस्ट मोडला, म्हणजे अर्धवट झोपेत, ठेवलंत तर अपडेट आपोआप उतरतात. सासूबाईंच्या मालिका संपल्यावर लावा.