मदत हवी आहे: प्रोग्राम कुठल्या डॉट नेट फ्रेमवर्कवर चालतोय हे आतूनच कसं कळेल?

नमस्कार मंडळी,

सी शार्पमधला एक डेस्कटॉप प्रोग्राम बऱ्याच विंडोज मशिनवर चालतो. टार्गेट, म्हणजे डॉट नेट फ्रेमवर्कच्या ज्या आवृत्तीसाठी तो बिल्ड केलाय ती, ४.६.१ आहे. फाइलचा पाथ (पूर्ण पत्ता) २६० अक्षरांपुढे गेला की पाथ-टू-लाँग एक्सेप्शन (एरर) येतं आणि लोकांच्या फायली सेव्ह होत नाहीत. लांब पाथ ४.६.२ पासून चालतात, म्हणून काही मशिनवर ४.८ टाकून घेतलं. तिथेही तेच! आता शंका अशी, की प्रोग्राम ४.८ वर चालतोय तरी का? कोडमधून आवृत्ती सांगणारं एन्व्हायर्नमेंट.व्हर्जन तर सगळीकडे ४.०.३०३१९.४२००० एवढंच सांगतं. खरी आवृत्ती लॉगमध्ये कशी आणू?

प्रतिसाद १

तो आकडा सीएलआरचा (कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या इंजिनाचा), फ्रेमवर्कचा नव्हे. ४.६ पासून पुढे तो बदललेलाच नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एचकेएलएम या संपूर्ण मशिनच्या विभागाखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, नेट फ्रेमवर्क सेटअप, एनडीपी, व्ही४, फुल असं आत जा आणि 'रिलीज' वाचा. ॲडमिन हक्क लागत नाहीत. ३९४८०२ किंवा जास्त म्हणजे निदान ४.६.२, ४६१८०८ पासून ४.७.२, ५२८०४० पासून ४.८. तुलना 'बरोबर' अशी कधीच करू नका, 'पेक्षा मोठा किंवा तेवढाच' अशीच करा. एकाच आवृत्तीचा आकडा विंडोजनुसार वेगळा असतो.

प्रतिसाद २

रजिस्ट्रीचं बरोबर आहे, पण तुमचं एक्सेप्शन त्याने जाणार नाही. ४.५ पासूनची प्रत्येक आवृत्ती आधीच्या ४ च्या जागीच बसते, त्यामुळे ४.८ टाकलेल्या मशिनवर तुमचा प्रोग्राम ४.८ वरच चालतोय. फक्त टार्गेट ४.६.१ दिसलं की फ्रेमवर्क मुद्दाम जुनी पाथ-हाताळणी चालू ठेवतं. म्हणून लॉगमध्ये 'रिलीज'शेजारी मुख्य एक्झीचं टार्गेट-फ्रेमवर्क ॲट्रिब्यूटही (एक्झीतली टार्गेटची नोंद) लिहा. या दोन्हीशिवाय असा लॉग अर्धवट, असं माझं ठाम मत आहे.

टार्गेट ४.६.२ करून बिल्ड करा. ते जमत नसेल तर ॲप कॉन्फिगमध्ये (प्रोग्रामची सेटिंग फाइल) 'यूज लेगसी पाथ हँडलिंग' आणि 'ब्लॉक लाँग पाथ्स' हे दोन्ही स्विच फॉल्स करा, मशिनवर ४.६.२ किंवा पुढचं मात्र हवंच. आणि लांब पाथच्या आधी \\?\ हा उपसर्ग लावा, नाहीतर खुद्द विंडोज अडवेल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. 'रिलीज' ५२८०४९ आला. टार्गेट ४.६.२ करून \\?\ लावल्यावर त्या मशिनवर फायली सेव्ह होऊ लागल्या. ३९४८०२ च्या खालच्या मशिनवर सुरुवातीलाच अपडेटची सूचना दाखवतो.

प्रतिसाद २

छान. पुढे डॉट नेट ८ वर गेलात तर 'रिलीज' कामाचा नाही, ती रजिस्ट्री जुन्या फ्रेमवर्कचीच. तिथे एन्व्हायर्नमेंट.व्हर्जन खरी आवृत्ती देतं. ते डॉट नेट कोअर ३.० (डॉट नेट ८ चं आधीचं रूप) पासून सुधारलंय.